पायाखालच्या दहा कोटी बिया : एका मांडणीशिल्पाचं प्रकरण

लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयातल्या टर्बाइन हॉलमध्ये १२ ऑक्टोबर २०१० रोजी आय वेईवेई या चिनी कलावंताचं ‘सनफ्लॉवर सीड्स’ हे मांडणीशिल्प लोकांसाठी खुलं झालं. सुमारे १,००० चौरस मीटर जमीन, तिच्यावर सूर्यफुलाच्या बियांचा दहा सेंटीमीटर जाडीचा थर, एकूण वजन १५० टन आणि बियांची संख्या दहा कोटी. एकही बी शेतातली नव्हती. प्रत्येक बी चिनी मातीची होती, भट्टीत भाजलेली आणि हाताने रंगवलेली. लोकांनी या थरावर चालावं, बसावं, आडवं व्हावं, मूठभर बिया उचलून पाहाव्यात, अशी मूळ कल्पना होती. १४ ऑक्टोबरला थरावर जाणं थांबवण्यात आलं आणि ते पुन्हा कधीच सुरू झालं नाही. २ मे २०११ पर्यंत प्रदर्शन चाललं, पण काठावरून आणि वरच्या पुलावरून पाहण्यापुरतं.

कारण होतं धूळ. प्रेक्षकांच्या उत्साही वावरामुळे अपेक्षेपेक्षा जास्त धूळ उडते आहे आणि ती दीर्घकाळ वारंवार श्वासात गेली तर आरोग्याला घातक ठरू शकते, असा सल्ला मिळाल्याचं टेटने जाहीर केलं. कलावंताशी बोलून निर्णय घेतल्याचंही सांगितलं.

आरोग्य-सुरक्षेच्या नियमांनी एका सुंदर कलाकृतीचा जीव घेतला, अशी हळहळ या प्रकरणावर आजही ऐकू येते. मला ती पटत नाही. बंद करण्याचा निर्णय योग्यच होता. चूक शोधायची तर ती त्या निर्णयाच्या आधी शोधायला हवी. ज्या कलाकृतीत प्रेक्षकाने शिरायचं असतं, तिथे प्रेक्षकाचं शरीर हाही कलाकृतीचा एक माल असतो. मातीचा, रंगाचा, वजनाचा जसा हिशोब होतो, तसा पायांचा आणि फुप्फुसांचाही आधीच व्हायला हवा. इथे तो पुरेसा झाला नव्हता, हे ‘अपेक्षेपेक्षा जास्त’ या टेटच्या स्वतःच्या शब्दांतच दिसतं. काहीतरी अंदाज होता, आणि तो दोन दिवसांत कोसळला.

बी कशी तयार झाली

या बिया चीनच्या जिआंगशी प्रांतातल्या जिंगदेझेन गावात तयार झाल्या. हजार वर्षांहून अधिक काळ हे गाव चिनी मातीच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं आणि सम्राटांच्या दरबाराला लागणारी भांडी इथल्याच भट्ट्यांमधून जात. जवळच्या डोंगरातला दगड फोडायचा, कुटायचा, त्याची माती तयार करायची, साच्यातून बी काढायची, भाजायची, रंगवायची, पुन्हा भाजायची. अशा वीस-तीस टप्प्यांतून एक बी जात होती. भट्टीचं तापमान सुमारे १,३०० अंश सेल्सिअस. जवळपास १,६०० कारागीर अडीच वर्षांच्या आसपास या कामावर होते. रंगवणाऱ्यांत बहुसंख्य बायका होत्या.

रंगवण्याचं काम बारकाईने पाहण्यासारखं आहे. डाव्या हाताच्या चिमटीत पांढरी, करंगळीच्या नखाएवढी बी. उजव्या हातात बारीक टोकाचा कुंचला. टोकाकडून बुडाकडे तीन-चार फटकारे, बी उलटायची, पुन्हा तीन-चार. रंग करडा-काळा. फटकाऱ्यांची जाडी प्रत्येक बाईच्या हाताप्रमाणे बदलते, त्यामुळे दोन बिया कधीच सारख्या होत नाहीत. दुरून सगळा थर एकाच राखाडी रंगाचा दिसतो. तळहातावर पाच बिया घेतल्या की पाच वेगळे हात दिसतात. कलाकृतीचा अर्थ याच दोन अंतरांमध्ये होता. माओच्या काळातल्या प्रचारचित्रांत माओ म्हणजे सूर्य आणि जनता म्हणजे त्याच्याकडे तोंड वळवणारी सूर्यफुलं, असं चित्र सर्रास असे. त्याच काळात टंचाईत दिवस काढणारी माणसं एकमेकांना मूठभर बिया देत, आणि ती साधी आपुलकीची खूण असे. आय वेईवेईचे वडील, कवी आय चिंग, उजव्या विचारांचे ठरवले गेले आणि कुटुंबाला अनेक वर्षं शिनजियांगमध्ये हद्दपारीत काढावी लागली. १९५७ साली जन्मलेल्या मुलाचं लहानपण तिथे गेलं. जनता म्हणून एकसारखी दिसणारी आणि हातात घेतली की एकेकटी होणारी माणसं, हे त्याने घरातच पाहिलेलं होतं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. बियांना ग्लेझ, म्हणजे भांड्यांवर असतो तसा काचेसारखा चकचकीत लेप, नव्हतं; रंगावर काहीही न चढवता त्या कोऱ्या ठेवल्या होत्या. खऱ्या बीचा कोरडा, खरखरीत स्पर्श हवा होता, हे एक कारण दिसतंच. दुसरं कारण भट्टीतलं आहे. ग्लेझ लावलेल्या दोन वस्तू भाजताना एकमेकींना टेकल्या तर चिकटून बसतात. दहा कोटी बिया सुट्या सुट्या रचून भाजणं कुणालाही शक्य नव्हतं. ढिगाने भाजायच्या तर कोऱ्याच हव्यात. म्हणजे पुढे ज्या पृष्ठभागाने धूळ सोडली, तो कुणाच्या विसराळूपणातून आलेला नव्हता. तो या कामाच्या गाभ्यातच होता.

ही जागा लोकांना खेळायला शिकवून बसली होती

टेट मॉडर्न थेम्सकाठच्या जुन्या वीजनिर्मिती केंद्रात २००० साली सुरू झालं. टर्बाइन हॉल म्हणजे जिथे जनित्रं होती ती जागा : १५५ मीटर लांब, २३ मीटर रुंद, ३५ मीटर उंच. प्रवेश मोफत. त्या वर्षांत संग्रहालयाला वर्षाला सुमारे पन्नास लाख लोक येत. युनिलिव्हरच्या अर्थसाहाय्याने दरवर्षी एका कलावंताला हा हॉल दिला जाई आणि आय वेईवेईचं काम त्या मालिकेतलं अकरावं होतं.

आधीच्या कामांनी इथे येणाऱ्यांना एक सवय लावली होती. २००३ मध्ये ओलाफुर एलियासनने ‘द वेदर प्रोजेक्ट’मध्ये पिवळ्या दिव्यांचा सूर्य, धुकं आणि छताला आरसा लावला, तेव्हा लोक जमिनीवर पाठ टेकून तासन्‌तास पडून राहिले, हातपाय पसरून छतातल्या आरशात आकृत्या करू लागले. २००६ मध्ये कार्स्टन होलरने थेट घसरगुंड्या बसवल्या. २००७ मध्ये डोरिस साल्सेदोने हॉलच्या जमिनीत १६७ मीटर लांबीची भेग पाडली. तिच्यात पाय अडकून लोक पडले, तरी सूचना लावून काम सुरू ठेवण्यात आलं. मग बियांचा थर समोर आल्यावर लोक दबकत चालतील, अशी अपेक्षा कुणीच ठेवू शकत नव्हतं. त्यांनी बिया उधळल्या, मुलांनी एकमेकांना बियांत पुरलं, कुणी लोळलं. प्रेक्षकांनी बेशिस्त केली असं मी मुळीच म्हणणार नाही. त्यांना ज्यासाठी बोलावलं होतं, तेच त्यांनी केलं.

टेटच्या इतिहासात याहून जवळचा दाखलाही होता. १९७१ मध्ये मिलबँकच्या टेट गॅलरीत रॉबर्ट मॉरिसने लाकडी उतार, तुळया आणि मोठाले गोळे मांडून लोकांना त्यावर चढायला, तोल सांभाळायला बोलावलं होतं. लोक इतके तुटून पडले की अनेकांना दुखापती झाल्या आणि काही दिवसांतच ते प्रदर्शन बंद करावं लागलं. २००९ मध्ये टेटने तेच काम टर्बाइन हॉलमध्ये पुन्हा बांधलं, या वेळी अधिक सुरक्षित साहित्य वापरून. बिया येण्याआधी जेमतेम दीड वर्ष. धडा ताजा होता, पण तो पडण्या-खरचटण्याचा होता. दिसणारी इजा कशी टाळायची हे संस्थेला चांगलं ठाऊक होतं. श्वासातून, काही वर्षांनी होणाऱ्या इजेची तयारी ही वेगळीच गोष्ट आहे.

धूळ

थोडा हिशोब करून पाहू. १,००० चौरस मीटर गुणिले दहा सेंटीमीटर म्हणजे १०० घनमीटर. त्यात दहा कोटी बिया, म्हणजे दर घनसेंटीमीटरला साधारण एक. मोठ्या माणसाच्या बुटाचा तळ अडीचशे चौरस सेंटीमीटर धरला, तर एका पावलाखाली थेट अडीच हजार बिया येतात. त्या आपल्या शेजारणींवर घासतात आणि पूर्ण वजन त्यांच्या टोकांवर येतं. पाऊल उचललं की थर सैल होतो, पुढचं पाऊल त्याला पुन्हा दाबतं. हे जात्याचं काम आहे, आणि जातं चालवायला रोज हजारो माणसं येत होती. १,३०० अंशांवर भाजलेली चिनी माती कठीण असते, बी सहज फुटत नाही. पण घासून घासून तिचीही बारीक झीज होत राहते.

या झिजेत सिलिका असते, वाळूत असते तीच. चिनी मातीत क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकरूपातली सिलिका, असतं आणि भाजल्यानंतरही त्यातलं काही तसंच उरतं. अशा धुळीतले मोठे कण नाकात-घशात अडकतात; चार मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचे आणि त्याहून लहान कण फुप्फुसांच्या तळापर्यंत पोहोचतात, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. वर्षानुवर्षं ते आत जात राहिले तर फुप्फुसांत व्रणासारखी गाठाळ ऊती तयार होते. हाच सिलिकोसिस. तो बरा होत नाही. इंग्लंडमध्ये स्टोक-ऑन-ट्रेंटच्या कुंभारकाम करणाऱ्या वस्त्यांनी हा रोग पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे आणि त्या अनुभवातूनच तिथले नियम कडक होत गेले. ब्रिटनमध्ये कामाच्या जागी श्वासात जाणाऱ्या स्फटिकी सिलिकाची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने दर घनमीटर हवेत ०.१ मिलिग्रॅम आहे.

आठ तास हा शब्द इथे महत्त्वाचा. अर्धा तास चालून घरी गेलेल्या प्रेक्षकाला त्या दोन दिवसांत सिलिकोसिस होणार नव्हता. धोका होता तो रोज तिथे उभं राहणाऱ्यांना : सुरक्षारक्षक, मार्गदर्शक, सफाई करणारे, संध्याकाळी दंताळ्याने थर सारखा करणारे. त्यांच्यासाठी हे प्रदर्शन अर्ध्या तासाचं नव्हतं. ऑक्टोबर ते मे असं साडेसहा महिन्यांचं होतं, रोजच्या पाळीचं. बंदीवर चिडलेल्या लेखांत प्रेक्षकाच्या हक्काची चर्चा खूप आहे, या माणसांची फारच कमी. मला तर निर्णय योग्य ठरण्याचं मुख्य कारण तेच वाटतं. धोका कळल्यावर आपल्या कर्मचाऱ्यांना त्यात उभं करणं कुठल्याही मालकाला शक्य नव्हतं, कायद्याने नाही आणि माणुसकीनेही नाही.

हा विचार लंडनपाशी थांबवता येत नाही. सिलिकाचा धोका चिनी मातीच्या कामात सगळ्यात जास्त असतो तो दगड कुटताना, कोरडी माती हाताळताना, कच्च्या मालाच्या कडा घासताना. म्हणजे उत्पादनाच्या ठिकाणी. हजारो मैलांवरच्या हातांचं मोल दाखवणं हाच ज्या कलाकृतीचा विषय, तिच्याबाबतीत धुळीचा प्रश्न जगभर गाजला तो माल संग्रहालयात पोहोचल्यावर. जिंगदेझेनमधल्या कारागिरांच्या श्वासाचा मुद्दाही त्याच ठळकपणे मांडला जायला हवा होता.

आणखी काय करता आलं असतं

पाणी मारणं : धूळ दाबण्याचा जुना उपाय. पण १५० टन माल बंदिस्त इमारतीत ओला ठेवायचा, त्यावर मुलं धावणार, घसरणार. हे जमलं नसतं. आधी धुऊन घेणं : मूळची धूळ जाते, रोज नव्याने तयार होणारी जात नाही. मास्क देणं : प्रेक्षकाला अर्धा तास चालेल, रक्षकाला आठ तास साडेसहा महिने लावायला सांगायचं, तेही टाळता येण्याजोग्या धोक्यासाठी, हे मला मान्य होत नाही.

खरा विचार करण्याजोगा उपाय एकच होता, संख्या. झीज पावलांच्या संख्येबरोबर वाढते. एका वेळी वीस जण, बूट काढून, ठरावीक मिनिटं, आणि थराचा एक छोटा भाग वेगळा करून तेवढाच चालण्यासाठी. हवेतली धूळ रोज मोजायची, मर्यादेच्या खूप खाली राहिली तरच सुरू ठेवायचं. प्रेक्षकाने आत शिरायच्या, म्हणजे इमर्सिव्ह, कामांसाठी पुढे असा शिरस्ता पडलाच. २०१२ मध्ये लंडनच्याच बार्बिकन कलाकेंद्रात रँडम इंटरनॅशनल या कलावंत-गटाच्या ‘रेन रूम’मध्ये मोजकीच माणसं एका वेळी आत सोडत, लोक रांगेत थांबत. यायोई कुसामा या जपानी कलावंताच्या आरशांच्या खोल्यांत तर प्रेक्षकाला मिनिटभरसुद्धा मिळत नाही असं अनेक ठिकाणी होतं.

पण टेटला हा उपाय जड का गेला असेल, तेही समजून घ्यायला हवं. टर्बाइन हॉलची सगळी ओळख रांगेशिवाय, तिकिटाशिवाय, रस्त्यावरून सरळ उतारावरून आत येण्याची. गर्दी हीच त्या कलाकृतीची भाषा होती : दहा कोटी बियांवर हजारो माणसं. वीस जणांच्या तुकडीत ती भाषा उरली नसती. तरीही काहीच न उरण्यापेक्षा वीस जणांना पायाखाली तो आवाज ऐकता येणं मी पसंत केलं असतं. हे मत आहे. धुळीची मोजणी समोर ठेवून निर्णय घेणाऱ्याची जबाबदारी माझ्यावर नव्हती, हे जाणून ते मांडतो आहे.

मुळात ही मोजणी उद्घाटनाच्या आधी, हॉलच्या बाहेर करता येण्यासारखी होती. पाच-दहा टन बिया बंद शेडमध्ये पसरायच्या, दोनेकशे माणसं आठवडाभर त्यांवर सोडायची आणि हवेचे नमुने घ्यायचे. चालायचंच नाही असं ठरलं असतं तर तेही तेव्हाच ठरलं असतं, आणि आय वेईवेईला दुसरी रचना करायला वेळ मिळाला असता. माणसांना माल म्हणून वापरणं त्याला नवं नव्हतं. २००७ मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात त्याने ‘फेअरीटेल’ या कामासाठी चीनमधून १,००१ माणसं नेली होती. त्यांचं राहणं, झोपणं, फिरणं यांची आखणी हाच त्या कामाचा मोठा भाग होता. तीच नजर लंडनच्या अनोळखी प्रेक्षकांच्या पायांकडे वळली नाही.

बंद झाल्यावर

काठावरून पाहणाऱ्याला एक करडी, सपाट जमीन दिसत होती. काहींना ती अधिक गंभीर, अधिक सुंदर वाटली. पण दहा मीटरवरून बी दिसत नाही, फटकारा दिसत नाही, आणि जनतेतला एकेक माणूस हा अर्थ फलकावर वाचून घ्यावा लागतो. तो वाचून कळण्याचा अर्थ नव्हता, वाकून उचलण्याचा होता. बी खिशात घालून नेण्याचा मोहही अनेकांना झाला. आपण प्रेक्षक असतो तर आपल्यालाही एखादी बी न्यावीशी वाटली असती, पण संग्रहालयासाठी ते एक अखंड काम आहे, असं आय वेईवेई स्वतःच म्हणाला होता.

हॉलमध्ये व्हिडिओवर प्रश्न विचारण्याची सोय होती. लोक आपला प्रश्न ध्वनिचित्रित करत आणि कलावंत उत्तर देई. स्पर्श गेल्यानंतर प्रेक्षकाला सहभागाची तेवढीच वाट उरली होती. ३ एप्रिल २०११ रोजी बीजिंग विमानतळावर आय वेईवेईला ताब्यात घेण्यात आलं आणि तीही वाट बंद झाली. सिचुआनच्या २००८ च्या भूकंपात कोसळलेल्या शाळांखाली मेलेल्या मुलांची नावं गोळा करून जाहीर केल्यापासून सरकारची त्याच्यावर नजर होतीच. टेट मॉडर्नच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत त्याच्या सुटकेची मागणी झळकली. २ मे रोजी प्रदर्शन संपलं तेव्हा तो कोठडीतच होता. ८१ दिवसांनी, २२ जूनला तो बाहेर आला.

दरम्यान, फेब्रुवारी २०११ मध्ये लंडनच्या सदबीज लिलावात अशाच १०० किलो बियांना ३,४९,२५० पौंड मिळाले होते. २०१२ मध्ये टेटने आपल्या संग्रहासाठी दहा टन बिया घेतल्या, साधारण ऐंशी लाख. त्या मांडायच्या कशा, तर पाच मीटर व्यासाचा आणि दीड मीटर उंचीचा शंकूच्या आकाराचा ढीग करून. ढिगावर कुणी चालत नाही. त्याच्याभोवती फिरायचं, वाकून काठाच्या बिया निरखायच्या. सहा इंचांवरून फटकारे पुन्हा दिसतात, आणि २०१० मधल्या पुलावरच्या प्रेक्षकापेक्षा हा प्रेक्षक बीच्या कितीतरी जवळ असतो. चालण्याची कल्पना सोडून देऊन, पण अंतराचा प्रश्न सोडवून केलेली ही रचना मला दोरीमागच्या सपाट थरापेक्षा सरस वाटते. पहिल्या दिवसापासून तिचा पर्याय म्हणून विचार झाला असता, तर साडेसहा महिने आलेल्या लोकांना तरी बी दिसली असती.